अजब बंगला आणि किंगरी



वसंत व्याख्यानमाला ही मूळची पुण्याची चाल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ती तेथे सुरू केली, आणि पुण्याच्या हवेत वसंत नावाचा ऋतू खरोखरच असतो. आपल्या चांद्यात तो पंचांगात तेवढा येतो; दारावर येऊन उभा राहतो तो थेट वैशाख. तरीही दिवसभर भाजून निघालेली ही एवढी मंडळी संध्याकाळी, घरचा कूलर सोडून, एका निवृत्त शिक्षकाचे बोलणे ऐकावयास आली आहेत, हे पाहून मला संकोचच वाटतो. सरकारी कागदावर हे गाव १९६४ पासून चंद्रपूर आहे. माझ्या तोंडी मात्र चांदा बसले ते बसले. तरुण मंडळींनी क्षमा करावी.

संयोजकांनी मला विषय दिला आहे तो ‘संग्रहालये आणि डिजिटल कथाकथन’. पत्रिका हाती पडली तेव्हा घरातल्यांनी विचारले, यात तुम्ही काय सांगणार? प्रश्न रास्त होता. मला मोबाइलवर चित्र मोठे करून पाहता येते आणि नातवाच्या मदतीने ते पुन्हा लहानही करता येते, एवढीच माझी त्या विद्येतील पदवी. परंतु गेली तीस-पस्तीस वर्षे या दोन जिल्ह्यांतल्या गावी हिंडून मी म्हाताऱ्या माणसांच्या कथा ऐकल्या, काही ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्या खटाटोपात एक मोठी चूकही केली. ती चूक आज आपल्यापुढे मांडावी, एवढ्याचसाठी मी हे आमंत्रण स्वीकारले.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. १९९० नंतरच्या काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डेना ॲचली, जो लॅम्बर्ट वगैरे नाटकातल्या माणसांनी एक उद्योग सुरू केला. साध्यासुध्या माणसांना एकत्र बसवावयाचे, त्यांना आपल्या आयुष्यातली एक गोष्ट स्वतःच्या आवाजात बोलावयास लावावयाचे, त्या आवाजाला घरातली छायाचित्रे जोडावयाची आणि संगणकावर दोन-चार मिनिटांचा बोलपट तयार करावयाचा. याला त्यांनी नाव दिले डिजिटल कथाकथन. पुढे २००१ साली ब्रिटिश नभोवाणीने वेल्स प्रांतात गावोगाव हिंडून अशाच कथा जमविल्या. मग संग्रहालयांनी ही कल्पना उचलली. काचेच्या पेटीपुढे उभे राहावे, मोबाइल तेथल्या काळ्या-पांढऱ्या चौकटीवर धरावा, आणि पेटीतल्या वस्तूची हकीकत कानात ऐकू यावी, अशी सोय झाली.

मराठी माणसाला यात फार नवल वाटावयास नको. शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर या त्रिकूटाने कथाकथनाला तिकीट लावून दाखविले ते आपल्या डोळ्यांदेखत. त्याच्या कितीतरी आधीपासून कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रंगविलेल्या कागदांची पोथी मांडीवर घेऊन एकेक चित्र पुढे करीत आणि त्यावर रामायण-महाभारत गात. चित्र हलत नव्हते, पण श्रोता हलत होता. त्या पिंगुळीतच परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्यात संग्रहालय थाटले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या संग्रहालयात वस्तू दाखविणारा आणि त्या वस्तूची कथा सांगणारा एकाच घरचा आहे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे मला तिचा उपयोग होणार आहे.

आता संग्रहालयाकडे वळतो. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. लोकांनी त्याला नाव दिले अजब बंगला. मला हे नाव फार आवडते, कारण त्यात कौतुक आहे तशीच थोडी थट्टाही आहे. साहेबाने दूरदूरच्या वस्तू आणून एका बंगल्यात ठेवल्या. त्या पाहून तोंडात बोट घालावे, आणि घरी जावे. तेथे वस्तूशी बोलण्याची सोय नाही. आपल्या देशातली बहुतेक संग्रहालये अजूनही या अर्थाने अजब बंगलेच आहेत. वस्तू, तिच्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर दोन ओळी आणि ‘हात लावू नये’.

एकदा शाळेची सहल घेऊन आम्ही एका मोठ्या शहरातले संग्रहालय पाहावयास गेलो होतो. एटापल्लीकडचा एक मुलगा एका कपाटापुढे अडून राहिला. आत एक तंतुवाद्य होते. तारा तुटलेल्या, गज नाहीसा झालेला. खाली लिहिले होते, ‘आदिवासी वाद्य’. मी त्याला पुढे चल म्हटले. तो म्हणाला, “सर, आमच्या इकडे पण हे आहे. पण आमचं वाजते.” मी तेव्हा हसलो. त्या वाक्याचा अर्थ मला उलगडावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली.

यंत्राने काय साधते हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर मी जुन्याचा कैवारी म्हणून उभा आहे असे आपणांस वाटेल. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते नुसते नावाने ऐकले असेल, काहींनी तेही नसेल. तेथल्या शेतांत नांगराबरोबर विचित्र आकाराचे गोटे वर येतात. गुराख्याच्या लेखी तो दगड. काचेच्या पेटीत ठेवला तरी पाहणाऱ्याच्या लेखीही दगडच. कोणी त्याच्यापुढे पाच सेकंद थांबणार नाही. प्रत्यक्षात ते डायनोसॉरच्या काळातल्या प्राण्यांचे शेण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दगड झालेले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोटे फोडले, त्यातला अंश सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि त्यांना दिसले गवताचे कण. गवताच्या पानात वाळूसारखा एक पदार्थ साठतो. पान कुजते, पण तो कण आपला आकार धरून कोट्यवधी वर्षे राहतो, आणि आकारावरून गवताची जात ओळखता येते. तोपर्यंत समज असा होता की डायनोसॉरच्या जगात गवत नव्हते. गवत पुष्कळ नंतरचे. पिसदुऱ्याच्या शेणाने तो समज मोडला. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी ते उचलून धरले. २०११ साली त्याच गोट्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली: त्या गवतांत भाताच्या कुळाचे पूर्वजही होते.

हे मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा एकटाच घरात फेऱ्या मारीत राहिलो. आपला मुलूख धानाचा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, तिकडे आरमोरी, वडसा. या माणसांच्या अंगात रक्ताबरोबर पेज वाहते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून धानाचे जे वाण तयार केले, ते भारतभर शिजते. (त्या वाणाला दादाजींचे नाव नाही, घड्याळाच्या कारखान्याचे आहे, एचएमटी, तोही आजच्या विषयाचाच भाग आहे, पण असो.) या दादाजींच्या लोंबीपासून पिसदुऱ्याच्या शेणापर्यंत एक कथा सलग जाते, आणि ती सांगावयाला दगड व पुठ्ठा पुरे पडत नाहीत. तेथे सूक्ष्मदर्शकातले चित्र हवे, शेतकऱ्याचा आवाज हवा, शास्त्रज्ञाचा आवाज हवा. मोबाइलमधला चार मिनिटांचा बोलपट हे काम सुरेख करील. सिरोंचा तालुक्यात वडधमला वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे, तेथेही हेच. दगडाला वाचा देणारे यंत्र मला मनापासून हवे आहे.

यंत्राची दुसरी करामत अशी की त्यात जागा पुष्कळ. पुठ्ठ्यावर दोन ओळी मावतात, म्हणून कोणाच्या तरी दोनच ओळी लिहिल्या जातात. लालपेठेजवळच्या त्या प्रचंड अपुऱ्या मूर्ती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. गोंडकाळात रायप्पा नावाच्या धनिकाने देवालय बांधण्याच्या इच्छेने त्या घडविल्या, आणि तो वारल्याने काम अर्धवट राहिले, असे सांगतात. त्यातल्या दहा तोंडांच्या मूर्तीला जाणकार दुर्गा म्हणतात. आणि लोक? लोक तिला रावण म्हणतात. कोण बरोबर? पुठ्ठा असेल तर दुर्गा लिहून मोकळे व्हावे लागेल आणि रावण पुसला जाईल. यंत्रात मात्र दोघेही राहू शकतात. मूर्तिशास्त्र जाणणारा एका आवाजात सांगेल आणि तेथे शेळ्या चारणारी बाई दुसऱ्या आवाजात. तीच गोष्ट आपल्या परकोटाची. खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे ससा लागला, आणि त्या सशाच्या धावेवर कोट उभा राहिला, ही कथा आपण आजीकडून ऐकली. इतिहासकार तिला दंतकथा म्हणेल, म्हणू द्या. २०१७ पासून इको-प्रोच्या तरुणांनी शेकडो दिवस खपून तो कोट झाडाझुडपांतून मोकळा केला, तेव्हा त्यांच्या हाताला बळ आले ते शिलालेखाने नव्हे, त्या सशाने, असे मला वाटते.

येथवर सर्व गोड आहे. आता कडू सांगतो.

पिसदुऱ्याचे जीवाश्म विद्वज्जगाच्या नजरेस प्रथम आणले ते १८६० च्या सुमारास, स्टीफन हिस्लॉप यांनी. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे पाद्री. मोठा चौकस माणूस. दगड जमवी, हाडे जमवी आणि शब्दही जमवी. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परत येताना रात्री नाल्याच्या पुरात ते बुडून वारले. त्यांच्या मागे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्यात गोंडांच्या लिंगोची कथा आहे. गोंडांची उत्पत्ती, त्यांची सुटका आणि कुळांची मांडणी सांगणारी. ती कथा कागदावर आली ती एका परधानाच्या मुखातून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आहेत, टेंपल आहेत. परधान मुखपृष्ठावर नाही.

परधान म्हणजे कोण, हे या सभेत सांगावयास नको, तरी नव्या पिढीसाठी सांगतो. गोंडांच्या कुळांचा हा परंपरागत कथेकरी. त्याचे वाद्य किंगरी, गजाने वाजवावयाचे. एकेका परधानाची ठरलेली यजमान घराणी असतात. त्या घराण्याच्या पूर्वजांची, देवांची, कुळाची कथा त्याने सांगावी आणि यजमानाने त्याला धान्य, वस्त्र, जनावर द्यावे. कुळाच्या मोठ्या देवाच्या, म्हणजे पेर्सा पेनच्या, पूजेत त्याच्याशिवाय भागत नाही. मरणानंतरच्या विधीतही नाही. आपल्याला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात हायमेनडॉर्फ या विद्वानाने १९४० नंतरच्या दशकात या लोकांमध्ये राहून अभ्यास केला, आणि त्याने एक मौजेची गोष्ट नोंदली: तेथले परधान घरात मराठी बोलतात, आणि यजमानाची पवित्र कथा गोंडीत गातात. म्हणजे हा माणूस आपल्या मायबोलीचा, आणि दुसऱ्यांच्या स्मृतीचा कोठीवाला. कोठी त्याच्याकडे, धान्य यजमानाचे. ही व्यवस्था नीट समजली तर माझी चूक आपणांस समजेल.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी जिवती तालुक्यातल्या एका गावी मला एक वृद्ध परधान भेटला. मी तीन-चार वेळा गेलो, तेव्हा तो कथा सांगावयास तयार झाला. प्रसंग नव्हता, पूजा नव्हती. केवळ माझ्या आग्रहाखातर. त्याने अगोदर देवाची क्षमा मागितली, मग स्वतःचे नाव, कुळ व गाव सांगितले आणि किंगरीवर गज ओढला. एक्केचाळीस मिनिटे तो गात होता. मध्येच थांबून मराठीत मला म्हणाला, “गुरुजी, आतापर्यंतचं कोनालाही ऐकवा. याच्या पुढचं मेलेल्याच्या वाटेचं आहे जी. ते त्या घरच्या मानसायसमोरच म्हनाचं रायते. तुमी लिवून ठेवता म्हनून म्हनतो.” मी हो म्हटले. वहीत तारीख लिहिली, गाव लिहिले, वेळ लिहिली. ही अट लिहिली नाही. मनात आहे ना, मग लिहावयाची काय गरज, असे वाटले असावे.

दोन-तीन वर्षांनी एका संस्थेने प्रदर्शनासाठी सामग्री मागितली. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. माणसे भली होती आणि हेतू चांगला होता. मी मुद्रणाची प्रत दिली. त्यांनी सुंदर बोलपट केला. ‘सुंदर’ हा शब्द मी उपरोधाने वापरीत नाही. फक्त सुरुवातीचे नाव, कुळ, गाव लांबण लागते म्हणून कापले गेले. कानाला अधिक आर्त वाटला म्हणून नेमका मागचा भाग घेतला गेला. आणि चित्रे त्यांच्याकडे होती ती लग्नातल्या नाचाची, ती त्यावर बसविली गेली. खाली अक्षरे आली: ‘पारंपरिक गोंडी गीत. कलाकार अज्ञात.’ प्रदर्शन संपले. बोलपट मात्र मोबाइलवरून मोबाइलवर फिरत राहिला, आणि एका आठवडी बाजारात यजमानाच्या नातवाने तो म्हाताऱ्यासमोर धरला.

मी कळताच गेलो. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. म्हणाला, “नाव नाई लिवलं त्याचं दुःख नाई जी. पन मयताच्या वाटेचं गानं लग्नात लावलं. आता यजमानाच्या दारी कोनत्या तोंडानं जाऊ?” मग चहा झाला. किंगरी खुंटीला होती, तिला त्याने हात लावला नाही. त्यानंतर मी तीनदा गेलो. त्याने मला काही ऐकविले नाही. यथावकाश तो वारला. त्याचा मुलगा गवंडीकाम करतो.

बंधूंनो, पुष्कळदा म्हटले जाते की या कथा नष्ट होत चालल्या आहेत, म्हणून वाट न पाहता मुद्रित करून ठेवा. मीही हेच म्हणत असे. पण त्या म्हाताऱ्याची कथा काळाने बंद पाडली नाही. ती जपावयास गेलेल्या मी बंद पाडली. हे वाक्य जिभेवर यावयास मला काही वर्षे लागली.

जगात या गोष्टीचा विचार झालेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी टेनंट क्रीक येथे वारुमुंगू नावाचे लोक राहतात. किम ख्रिस्टेन या बाईंनी त्यांच्यासमवेत बसून २००७ साली एक डिजिटल संग्रह उभा केला. त्याचे नाव मुकुर्टू, म्हणजे त्यांच्या भाषेत पवित्र वस्तू सांभाळून ठेवण्याची झोळी. या झोळीत छायाचित्रे आहेत, गाणी आहेत, कथा आहेत. पण कोणी काय पाहावे हे त्या लोकांच्या रीतीप्रमाणे ठरते. काही स्त्रियांनीच ऐकावयाचे, काही ठराविक घराण्यांनीच. मृताचे चित्र पुढे येण्याआधी सूचना येते. यंत्र तेच, जे आपल्या खिशात आहे. त्याला कुलूप लावता येते, आणि किल्ली ज्याची त्याच्या हाती देता येते, एवढेच त्यांनी ओळखले. गुजरातेत तेजगढला गणेश देवींच्या आदिवासी अकादमीने आपल्या संग्रहालयाला ‘वाचा’ हेच नाव ठेवले, तेही अशाच जाणिवेतून.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे यासाठी ऑस्ट्रेलियाला जाण्याची गरज नाही, धानोऱ्यापर्यंत गेले तरी पुरे. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, हे सर्वांना माहीत आहे. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला. बाहेरून अभ्यासाला येणाऱ्याने आधी ग्रामसभेपुढे बसावयाचे. हे गाव ज्या २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाचे धनी झाले, त्याच्या तिसऱ्या कलमात बांबू आणि तेंदूपत्त्याच्या पलीकडचे एक वाक्य आहे: जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क. बांबूच्या हक्कासाठी गावे झगडली, बांबू विकून त्यांनी पैसा उभा केला. या दुसऱ्या हक्काचा उच्चार मी सभांत फारसा ऐकला नाही. कथेला वाहतूक परवाना लागत नाही म्हणून असेल.

तेव्हा ज्या कोणाला या दोन जिल्ह्यांत असे बोलके संग्रहालय उभारावयाचे असेल, मग ते गोंडवाना विद्यापीठ असो, वनखाते असो, की हौशी तरुण असोत, त्याने आधी गावात बसावे. यंत्र नंतर उघडावे. संमती एकदा घेऊन कागद फाइलीत टाकला, एवढ्याने भागत नाही. बोलपट झाल्यावर तो सांगणाऱ्याला आणि ज्यांची कथा आहे त्यांना दाखवावा, आणि त्यांनी काढ म्हटले तर काढावा. खर्च वाढेल, वेळ जाईल, उद्‌घाटनाची तारीख चुकेल. मंत्रिमहोदय थांबावयाचे नाहीत, ही अडचण खरी आहे.

आणखी दोन साध्या अडचणी. एक, भामरागडच्या पलीकडे मोबाइलला दांडी मिळण्याची वाट पाहत माणूस टेकडीवर जाऊन उभा राहतो. सारे भांडार दूरच्या संगणकात ठेवले तर ज्यांची कथा त्यांनाच ती ऐकता यावयाची नाही. छत्तीसगडच्या शुभ्रांशु चौधरींनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. त्यात साध्या फोनवरून गोंडीत बोलावे आणि ऐकावे अशी सोय होती. पुढे त्यांनी ब्लूटूथने एका मोबाइलमधून दुसऱ्यात बातम्या पोचविल्या. त्याला लोक बुल्टू रेडिओ म्हणू लागले. अशी कमी खर्चाची, पायी चालणारी युक्ती आपल्याला लागेल. भिंतभर पडदे आणि डोळ्यांवर चढवावयाचे चष्मे मागाहून येऊ द्या.

दुसरी अडचण भाषेची. २०११ च्या शिरगणतीत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख भरले. एवढ्या लोकांची भाषा, पण आठव्या अनुसूचीत नाही. लिपीच्या बाबतीत मात्र अलीकडे एक दार उघडले आहे. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली रचलेली लिपी २०१७ मध्ये, आणि आदिलाबादेतल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत सापडलेली लिपी २०१८ मध्ये, संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात दाखल झाली. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषासर्वेक्षणाच्या वेळी, १९१३ नंतर, देशभरच्या बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या काढल्या गेल्या, आणि आज त्या घरबसल्या ऐकता येतात. पण बहुतेकांत बोलणाऱ्याला काय सांगावयास लावले होते? बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट. आवाज आपल्या माणसाचा, गोष्ट दुसऱ्याची. माझ्या बोलपटात गोष्ट त्याची होती, नाव कोणाचेच नव्हते. दोन्हींतले अधिक वाईट कोणते, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

माझ्याकडच्या त्या मूळ मुद्रणाचे काय झाले, हे सांगून थांबतो. गेल्या मार्गशीर्षात मी ते घेऊन जिवतीकडे गेलो. आधी निरोप पाठविला होता. म्हाताऱ्याची बायको, गवंडी मुलगा, नातू, आणि यजमान घराण्यातली पाच-सहा माणसे अंगणात बसली. मी लावले. तेविसाव्या मिनिटाला यजमानांतल्या वडील माणसाने हात वर केला, आणि नातवाने यंत्र थांबविले. मग त्यांचे आपसांत बोलणे झाले, बराच वेळ. मी दूर बाजेवर बसून होतो. ठरले ते असे: तेवीस मिनिटे कोणालाही ऐकवावी, पण सुरुवातीचे नाव-गाव कापू नये. पुढची अठरा मिनिटे एका मेमरी कार्डात घालून किंगरीच्या पिशवीत ठेवावी, आणि यजमानाच्या घरी तसा प्रसंग आला तरच बाहेर काढावी. मी विचारले, माझ्याजवळच्या प्रतीचे काय? कोणी बोलेना. शेवटी म्हातारी म्हणाली, “तुमच्याजवळ ते कायले रायाले पाह्यजे, गुरुजी?” मी मोबाइल नातवाच्या हाती दिला, कारण पुसावयाचे कसे हे मला येत नाही. त्याने पुसले. घरी जुनी ध्वनिफीत होती, तीही दुसऱ्या खेपेस नेऊन दिली. मग तो नातू माझी वही चाळीत बसला आणि त्याने गोंडीचे दोन शब्द दुरुस्त केले. त्यातला एक मी पंधरा वर्षे गावाचे नाव म्हणून वाचीत होतो. ते गाव नव्हते, नदीचे वळण होते. तो नातू आता आजोबांची खुंटीवरची किंगरी काढतो, असे त्याने परवा फोनवर सांगितले. अजून सूर लागत नाही म्हणाला.

त्या तेवीस मिनिटांपैकी पहिली चार मी आपल्यासाठी आणली आहेत. त्यांना विचारून आणली आहेत. गाणाऱ्याचे नाव मी सांगत नाही, कारण आरंभी तो ते स्वतःच सांगतो. ध्वनिक्षेपकाच्या मंडळींनी तयार राहावे, आणि हे पंखे तेवढा वेळ बंद केले तर उपकार होतील. उकडेल खरे, पण किंगरीचा आवाज बारीक असतो.